डोंगर लख्ख, म्हातारा धुकट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दोस्तांना नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. आटपाडीकडच्या माळावर त्या सकाळी फोकस मी चुकवला. नुसता चुकला असता तर मी हे लिहायला बसलो नसतो. फोटोच्या धंद्यात चुका रोज होतात, आणि बटण दाबून पुसताही येतात. पण चुकलाय हे मला तिथेच, त्याच मिनिटाला कळलं होतं. म्हातारा अजून उभा होता, मेंढरं अजून उभी होती, ऊन अजून कोवळं होतं. आणि मी म्हणालो, "झकास आलाय."

आष्ट्यात आमचं फोटो स्टुडिओ आणि फ्रेमचं दुकान आहे. अब्बा फ्रेमा करायचे. देवांच्या, मक्का-मदिन्याच्या, लग्नाच्या आणि गेलेल्या माणसांच्या. मी त्यात कॅमेरा आणला. लग्नं पोटासाठी आणि डोंगर जिवासाठी, असं मी लोकांना सांगत आलो. वाक्य बरं वाटायचं म्हणून सांगायचो. खरं कारण वेगळं होतं. लग्नात फोटोग्राफरला "ओ, जरा बाजूला व्हा की" म्हणतात, आणि डोंगरात "सर" म्हणतात.

त्या "सर"साठी मी साताऱ्यात निसर्गाच्या फोटोंचे वर्ग सुरू केले. महिन्यातून एक रविवार. सकाळी एखाद्या हॉलमध्ये बोलायचं आणि दुपारी सगळ्यांना घेऊन कासच्या पठारावर, नाहीतर चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांकडं जायचं. माझं नाव झालं ते एकाच गोष्टीनं. माझे फोटो पायाशी असलेल्या खड्यापासून क्षितिजावरच्या कड्यापर्यंत धारदार असायचे. लोक विचारायचे, लेन्स कुठली? मी म्हणायचो, लेन्सला काय विचारता, फोकस कुठं लावला ते विचारा.

आणि ते मी मनापासून शिकवायचो, एवढं मात्र खरं. कॅमेऱ्याला स्वतःहून फोकस शोधू देऊ नका, सांगायचो. तो कुठंही अडकतो, वाऱ्यानं हलणाऱ्या गवताच्या काडीलासुद्धा. लांबच्या डोंगरावर फोकस लावला की पुढचं सगळं मऊ पडतं, आणि अगदी पुढच्या फुलावर लावला की डोंगर जातो. म्हणून चित्रातली सगळ्यात जवळची वस्तू बघायची आणि तिच्या दुप्पट अंतरावर काहीतरी धरायचं. दगड, खुंट, काहीही. स्क्रीनवर ते मोठं करून बघायचं, रिंग हातानं फिरवायची, आणि त्याची कड चाकूसारखी दिसली की थांबायचं. मग रिंगवर काळी चिकटपट्टी. ही पट्टी म्हणजे माझ्या वर्गाचा कायदा. एकदा टेप लावली की तिला हात लावायचा नाही. हवा कशीही असो, मनात कितीही शंका येवो.

"टेपला हात लावला तर?" एकदा एकानं विचारलं होतं.

"तर लग्नं करा," मी म्हणालो. सगळे हसले होते.

त्या वर्गात एक फौजी यायचा. पल्टणीतून निवृत्त होऊन आटपाडीकडच्या आपल्या वस्तीवर परतलेला. घरची मेंढरं, पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यामागं फिरलेलं घर. कॅन्टीनच्या सवलतीत घेतलेला कॅमेरा तो टॉवेलात गुंडाळून एसटीनं साताऱ्याला आणायचा. वय माझ्याएवढंच. पहिल्या दिवशी उभं राहून "सर" म्हणाला, दुसऱ्या वेळी चहा पिताना "गड्या" म्हणाला, आणि ते गड्याच राहिलं. मी त्याला फौजी म्हणायचो. टेपचा कायदा त्याला सगळ्यात आधी पटला. "हुकूम हाय म्हटल्यावर हुकूम," म्हणायचा. "फौजेत शंका काडणारा मागं ऱ्हातो."

एकदा कासला पाऊस नुकताच उघडला होता. बाकीचे ट्रायपॉड उभे करून कमरेच्या उंचीवरून फोटो काढत होते. फौजी सरळ पालथा झोपला, कोपरं चिखलात रोवून. बोटाच्या पेराएवढं एक जांभळं फूल त्यानं लेन्सच्या नाकापुढं धरलं. इतकं जवळचं फूल आणि मागची डोंगररांग एका फोकसमध्ये बसत नाही. मग फोकस जरा जरा मागं सरकवत एकामागून एक फोटो घ्यायचे आणि नंतर कॉम्प्युटरवर जोडायचे. ही रीत मीच शिकवलेली, पण मला स्वतःला तिचा कंटाळा. त्यानं ती चिखलात झोपून धीरानं केली. जोडलेला फोटो आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला, तेव्हा फुलावरचा थेंब दिसत होता आणि पार मागच्या कड्यावरची झाडंही मोजता आली असती.

कुणीतरी लिहिलं, "सर, हा तर तुमच्यापेक्षा शार्प आलाय." पुढं हसरे चेहरे.

मी अंगठा दाखवला आणि फोन पालथा ठेवला.

त्याच सुमारास मला चाळिशी लागली होती. जवळचं पुसट दिसायचं. चष्मा केला होता, पण वर्गात लावत नव्हतो. शार्प फोटोचा मास्तर स्क्रीन बघायला चष्मा चाचपतोय, हे चित्र मला नको होतं. तो रुमालात गुंडाळून बॅगेच्या आतल्या कप्प्यात असायचा. फोकस मी सवयीनं लावायचो, आणि बऱ्याचदा लागायचा.

मग त्याचा फोन आला.

"गड्या, मेंढरं इकायची ठरली."

"का रं?"

"माळाला कॅनॉलचं पाणी आलं न्हवं का. समद्या माळावर डाळिंब झाली. चरायला जागा कुठं हाय? आबा एकटं किती फिरनार ह्या वयात? बेपारी यायचाय. त्याच्या आदी आबांचा एक फोटू पायजे. मेंढरांसंगट, मागं आमचा डोंगर. आबांचा एकबी धड फोटू न्हाई आमच्याकडं. मी काडतो, पर फोकस तू लावून दे. माजा माज्यावर भरोसा न्हाई."

मी गेलो. सोबत वर्गातली दोन मुलं घेतली, प्रात्यक्षिक होईल म्हणून. खरं म्हणजे कुणीतरी बघायला हवं होतं, म्हणून.

पहाटे माळावर पोचलो. मेंढरं वाघरीत होती. वाघर म्हणजे त्यांना रात्री कोंडायची जाळी, लाकडी मेखांना बांधलेली. म्हातारा, म्हणजे फौजीचा बाप, डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं घेऊन उभा होता. चेहरा असा की मीसुद्धा क्षणभर धंदा विसरलो. उन्हात वाळलेला, आणि डोळे मात्र ओले, चकचकीत.

"ह्यो कोन?" त्यानं विचारलं.

"माजा मास्तर, आबा. आष्ट्याचा."

"मास्तर हाय तर त्येलाच काडू दे की. तू कशाला मदी लुडबुडतुयास?"

मुलं हसली. फौजीही हसला. "आबा, जरा हिकडं बगा."

"तुला बगू का मेंढरं बगू? एखादं पळालं तर तुजा क्यामेरा आनतुय व्हय मागारी? आनि फोटू कुठं लावनार? मी जित्ता हाय अजून."

म्हातारा कॅमेऱ्याच्या अगदी जवळ उभा केला, चेहरा मोठा यावा म्हणून. त्याच्यामागं मेंढरं, त्यांच्यामागं माळ, शेवटी डोंगर. उजेड अजून कमी होता. मेंढरं हलणार म्हणून शटर जलद हवं, आणि शटर जलद म्हणून लेन्सचं तोंड थोडं मोठं ठेवावं लागलं. म्हणजे फोकस जराही चुकून चालणार नव्हतं. म्हाताऱ्याच्या दुप्पट अंतरावर वाघरीची एक मेख होती. तिच्यावर फोकस लावायचा, हे मी मुलांना मोठ्यानं समजावून सांगितलं. मग स्क्रीनवर चित्र मोठं केलं आणि वाकलो.

चष्मा बॅगेत होता. मुलं दोन्ही बाजूंनी वाकून बघत होती.

मला स्क्रीनवर एक उभी काळी रेघ दिसली. रिंग फिरवली, रेघ बारीक झाली, कडक झाली. मी टेप लावली. ती मेख नव्हती. मागच्या डोंगरावरचा विजेचा खांब होता तो.

फौजीनं दोन सेकंदांचा टायमर लावला, मी शिकवला होता तसा, म्हणजे बोटाचा धक्काही लागू नये. पहिला फोटो घेतला. स्क्रीनकडं बघून जरा थांबला.

"गड्या, आबांचं डोळं जरा मऊ वाटत्यात का रं?"

"स्क्रीनवर तसंच दिसतं," मी म्हणालो. "टेपला हात लावू नकोस."

"ओके सर," तो म्हणाला. गड्या नाही, सर. आणि पुढचे सगळे फोटो त्यानं तसेच घेतले.

मग एक कोकरू जाळीखालून सटकलं. म्हातारा ओरडला, फौजी ट्रायपॉडवरचा कॅमेरा माझ्यावर सोपवून धावला, मुलंही त्याच्यामागं. मी एकटा राहिलो. पाठ फिरवली, बॅगेतून चष्मा काढला, नाकावर ठेवला आणि फोटो मोठा करून बघितला. डोंगर लख्ख होता. खांबाच्या तारा दिसत होत्या. म्हाताऱ्याचा चेहरा मात्र असा, जसा काचेवर श्वास सोडल्यावर मागचा माणूस दिसतो.

टेप काढायला क्षण लागला असता. "अरे थांब, माझं चुकलं, परत घेऊ," एवढं म्हणायचं होतं. पण मुलं परत येत होती, आणि मला त्या ग्रुपवरचे हसरे चेहरे दिसत होते. आणि हे लिहायला लाज वाटते, पण मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात असंही आलं की बरं झालं. हा फोटो माझ्यापेक्षा शार्प नसेल.

मी चष्मा खिशात टाकला.

फौजी कोकरू काखेत मारून आला, धापा टाकत. "कसं आलंय?"

"झकास आलाय."

म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं, फौजीकडं नाही. शेवटी मास्तर मी होतो. "झालं का मग? सोडू का मेंढरं?"

"सोडा, आबा," मी म्हणालो.

त्यानं वाघर उचलली आणि कळप माळभर पसरला. दुपारी व्यापाऱ्याची गाडी आली. आम्ही तोवर निघालो होतो.

काही दिवसांनी फौजी फोटो मोठे करून घ्यायला दुकानात आला. मी कॉम्प्युटरवर उघडले. इथं चष्मा लावायला माझी हरकत नव्हती, इथं बघायला कुणी नव्हतं. तो एक एक फोटो बघत गेला. मग परत पहिल्यावर आला.

"समद्यांत आबा धुकाटलाय रं."

हीही एक संधी होती. मेंढरं गेली होती, पण म्हातारा होता, माळ होता, डोंगर तर कुठं जाणार होता? मी म्हणालो, "हात लागला असेल ट्रायपॉडला."

"टायमर लावलेला की."

"मग टेप सरकली असेल. कोकरू पकडायला पळालास तेव्हा धक्का लागला असेल."

फोटो तर त्याआधीचे होते. हे मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. तो माझ्याकडं बघत राहिला. मग मान खाली घालून म्हणाला, "हललीबी आसंल. माजाच हात."

मी तिथं थांबलो नाही. म्हणालो, "आणि एकदा डोळे तपासून घे. या वयात होतं."

माझेच डोळे मी त्याच्या गळ्यात बांधले. तो मिरजेला जाऊन तपासून आला, आणि आमच्या वयाच्या कुणालाही लागेल तसा त्यालाही नंबर लागला. मग त्याची खात्रीच पटली. "तुजं बरुबर व्हतं गड्या," फोनवर म्हणाला. "डागदर म्हनला नंबर हाय. तरीच म्हनलं." अंधार पडल्यावर गाडी चालवणं त्यानं सोडलं. वर्गाला यायचं सोडलं. कॅमेरा दुकानात आणून दिला, "कुनाला तरी दे, माज्या हातात शोभत न्हाई." मी तो कडेगावच्या एका लग्नाच्या फोटोवाल्याला दिला.

म्हातारा त्यानंतर फार दिवस राहिला नाही. मेंढरं गेल्यावर माणसाला सकाळी उठून करायचं काय, ते त्याला कळेना, असं फौजी सांगायचा. दहाव्याच्या आत फ्रेम हवी होती. फौजीला तो माळावरचाच फोटो पाहिजे होता, दुसरा नव्हताच. मी रात्र काढून कॉम्प्युटरवर त्या चेहऱ्याला धार दिली. धार दिली की काय होतं, हे मी स्वतः वर्गात शिकवतो: जी माहिती फोटोत नाही ती यंत्र कल्पनेनं भरतं. सुरकुत्या दोऱ्यांसारख्या उमटल्या, डोळे मण्यांसारखे. सकाळी बायको गल्ल्यावरून म्हणाली, "ये कौन है? प्लास्टिकसारखा दिसतोय." मी ते सगळं पुसलं आणि होता तसा धुकट फोटोच फ्रेम करून दिला. तेवढा एक प्रामाणिकपणा केला, तोही बायकोनं बोलल्यावर.

आणि आता सगळ्यात वाईट भाग. तो फोटो मी वर्गात वापरायला लागलो. पडद्यावर लावून सांगायचो, "हे बघा, ट्रायपॉड हलल्याचा नमुना." नाव सांगत नव्हतो, याचंही मला कौतुक वाटायचं. दरवर्षी तेच. खोटं इतक्यांदा सांगितलं की मलाही तो ट्रायपॉड हललेला दिसायला लागला.

गेल्या पावसाळ्यात कऱ्हाडची एक मुलगी मागच्या बाकावरून म्हणाली, "सर, ट्रायपॉड हलला असता तर डोंगर पण हलला असता ना? तो तर एकदम क्लिअर आहे. मला वाटतं फोकसच मागं लागलाय."

हॉलमध्ये पंखा फिरत होता. मी म्हणालो, "हो, तेही असू शकतं," आणि पुढचा फोटो लावला. पण ऐकलं ते ऐकलंच. ज्याला थोडंफार कळतं त्या प्रत्येकाला त्या फोटोत दिसत होतं की हात कुणाचाच हलला नाही. म्हणजे फौजीलाही केव्हाच दिसलं असणार. दिसूनही त्यानं स्वतःच्या हाताला दोष दिला असेल, तर तो कुणासाठी, हा विचार मला सहन झाला नाही.

पुढच्याच शुक्रवारी, नमाज झाल्यावर, मी गाडी काढली आणि आटपाडी गाठली. सांगायचंच, असं ठरवून. वस्तीवर आता पक्कं घर झालंय, भोवती डाळिंबं. समोरच्या भिंतीवर तो फोटो, हार घातलेला. मी त्याच्याखालच्या खुर्चीत बसलो, म्हणजे तो दिसू नये. फौजी खूश झाला. डाळिंबं तोडून आणली, एक फोडून माझ्यापुढं ठेवलं. वहिनींनी चहा आणला.

"लय दिसांनी आलासा भावजी," वहिनी म्हणाल्या. "फोटूचं काम कसं काय?"

"चाललंय."

"ह्यांनी सोडलं ते बरं केलं." त्यांनी पदरानं फ्रेमची काच पुसली. "आवं, समदं आयुष्य बंदूक धरली, आनि एवढं एक काम धड न्हाई केलं. सासऱ्याचा एकच फोटू, त्योबी हालवला. येनारा जानारा इचारतो, आबा असं धुरकाट का दिसत्यात? मी म्हनती, इचारा ह्यांनाच."

फौजी हसला. हसत हसत म्हणाला, "आता हात हलला तर हलला. किती वर्सं ऐकवनार हायेस?"

आणि हसता हसता त्यानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, मुळीच नाही. एखादा वाट बघतो तसं. तोंडात शब्द आले होते. वहिनी तिथंच उभ्या होत्या, हे कारण मी स्वतःला दिलं. वहिनी तिथं नसत्या तर दुसरं काही दिलं असतं. मी डाळिंबाचे दाणे सोलत बसलो. तो उठला, बाहेर जाऊन माझ्यासाठी फळांची पिशवी भरली आणि गाडीत ठेवली.

ती पिशवी घेऊन मी परत आलो. हे सगळं कागदावर लिहिणं त्याच्यासमोर बोलण्यापेक्षा सोपं गेलं, यातच माझं काय ते कळतं. लिहिलं म्हणजे सांगितलं असं होत नाही. म्हाताऱ्याचा चेहरा आता कुठूनही परत आणता येणार नाही, त्याचं देणं माझ्याकडून फिटायचं राहिलंच. पण फौजीचं फिटण्यासारखं आहे. त्याच्या घरी, त्याच्या बायकोसमोर, मी त्याला एवढं सांगायचं देणं लागतो: तुझा हात हलला नव्हता, तुझे डोळे चुकले नव्हते, फोकस मी चुकवला आणि मला तेव्हाच कळलं होतं. ते मी अजून दिलेलं नाही.